गाडीच्या पोटाखालचे पाचवे चाक

आपल्या वस्त्यांतून स्टेअरिंगवर पोट असणारी माणसे पुष्कळ आहेत. कोणी रात्रपाळीच्या कामगारांना ने-आण करतो, कोणी शाळेची मुले पोचवतो, कोणी मालकाची इनोव्हा किंवा अर्टिगा लग्नसराईत भाड्याने फिरवतो. आणि ज्यांच्या घरी गाडी नाही तेही वर्षातून एकदोनदा वर्गणी काढून व्हॅन ठरवतात, नऊ-दहा माणसे दाटीवाटीने बसतात आणि गावाकडच्या लग्नाला निघतात. अशा गाडीचा टायर रात्री दीड वाजता हायवेवर बसला म्हणजे काय होते? डिकी उघडली जाते, पिशव्या, गाद्या, पाण्याचे कॅन खाली उतरतात, आणि मग कळते की डिकीत स्टेपनी नाहीच. ती गाडीच्या पोटाखाली टांगलेली आहे.

स्टेपनी हा शब्द आपण इतका घोळवला आहे की तो आपलाच वाटतो. त्याचे मूळ मात्र वेल्स देशातील लानेली या गावचे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. टायर फुटला की रस्त्यातच बसून तो दुरुस्त करावा लागे. 1904 साली तेथील थॉमस मॉरिस डेव्हिस याने बिनआऱ्यांची, हवा भरलेला टायर चढवलेली एक धाव तयार केली. ती फुटलेल्या चाकाला बाजूने आवळून बसवायची आणि पुढे निघायचे. स्टेपनी स्ट्रीट या तेथल्या रस्त्याचे नाव त्या चाकाला मिळाले. इंग्लंडात तो शब्द आता फारसा कोणी वापरत नाही, आपल्याकडे तो पंक्चरवाल्याच्या पाटीवर टिकून आहे. (याच शब्दाचा बाईमाणसासाठी विनोद करणारेही आहेत. त्यांना घरातल्या मुलींसमोर तो विनोद करून पाहण्यास सांगावे.)

मोठ्या गाड्यांत चाक खाली टांगण्याचे कारण सरळ आहे. आत माणसे आणि सामान मावावे. पण बसणाऱ्याची सोय झाली तेवढी उतरवणाऱ्याची झाली नाही.

रचना समजली की भीती जाते. चाक आडवे टांगलेले असते. त्याच्या मधल्या भोकातून एक लोखंडी पट्टी किंवा बशी वर धरून ठेवते, आणि ती पट्टी वायरच्या दोरीला किंवा साखळीला बांधलेली असते. दोरी वर एका छोट्या गरारीवर गुंडाळलेली असते. विहिरीवरच्या रहाटासारखेच हे काम. ही गरारी फिरवण्यासाठी गाडीबरोबर दोन-तीन तुकड्यांचा रॉड मिळतो, बहुतेक वेळा जॅकचाच दांडा. तो घालण्याचे भोक कुठे मागच्या बंपरच्या वर, कुठे डिकीच्या उंबरठ्यापाशी, कुठे आतल्या गालिच्याखाली प्लॅस्टिकच्या झाकणाआड असते. रॉड आत घालून चाचपत टोक खाचेत बसले की घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवायचे. चाक हळूहळू जमिनीवर येते. दोरी सैल पडेपर्यंत फिरवत राहायचे, मग चाक मागे ओढून पट्टी तिरकी करून भोकातून काढायची. काही व्हॅनमध्ये गरारी नसते. तेथे चाक लोखंडी पाळण्यात झोपवलेले असते; मागचा बोल्ट सैल केला, पाळणा थोडा वर उचलून आकड्यातून सोडवला की तो खाली येतो. पाळणा सोडताना हात खाली ठेवू नये, चाकाचे वजन पंधरा-वीस किलो सहज असते.

हे सगळे गाडी जॅकवर चढवण्याच्या आधी करायचे. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके, खांदा, हात काहीही घालायचे नाही. मागचाच टायर बसला असेल तर गाडी इतकी खाली येते की उतरवलेले चाक बाहेर निघत नाही. तेव्हा आधी जॅक लावून गाडी हवी तेवढी उचलावी आणि चाक रॉडच्या आकड्याने किंवा दोरीने बाहेरून ओढावे, सरपटत आत जाऊ नये. बाहेर आलेले चाक जॅकशेजारी गाडीच्या काठाखाली आडवे सारून ठेवावे. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर टेकते, माणसावर नाही. चाके बदलताना बसलेले चाक त्याच जागी सारावे. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावेत. हवेत तरंगणारे चाक जोर लावला की नुसते फिरते.

आता खरी अडचण. दोन-तीन पावसाळे खाल्लेली गरारी फिरत नाही. चिखल, खडी, मिठाची हवा असेल तर गंज, सगळे त्या दोरीवर बसते. रॉड वाकतो, दोरी सुटते पण चाक वरच चिकटून राहते. अशा वेळी बाहेर उभे राहून टायरच्या कडेला पायाने किंवा लाकडाने धक्के द्यावेत, गंज तोडणारे तेल टाकून थोडे थांबावे. दोरी कापण्याचा मोह होतो. पण मग बसलेले चाक टांगायला जागा राहत नाही आणि ते वऱ्हाडाच्या मांडीवर येते. चोरांच्या भीतीने काहीजण साखळीकुलूप लावतात. ते लावावे, कारण खाली टांगलेले चाक काढणे चोराला सोपे जाते. पण किल्ली मालकाच्या घरी आणि गाडी दीडशे किलोमीटरवर, असे नको.

म्हणून हे काम पहिल्यांदा अंधारात, हायवेवर करायचे नसते. एखाद्या सुटीच्या सकाळी वस्तीतल्या मोकळ्या जागेत चाक पूर्ण उतरवून पाहावे. घरातल्या मोठ्या मुला-मुलींनाही सोबत घ्यावे. कॉलेजला जाणारी मुलगी हे अर्ध्या तासात शिकते. भोकापाशी रंगाचा ठिपका द्यावा, दोरीला ग्रीस लावावे, रॉडचे तुकडे एकाच कापडात गुंडाळून त्यांची जागा ठरवावी. चाक खाली आले की हवा तपासून घ्यावी. काही गाड्यांत व्हॉल्व्हचे तोंड वर असते, म्हणून उतरवल्याशिवाय हवा कळतच नाही, आणि न वापरलेल्या टायरचीही हवा महिन्यामहिन्याला कमी होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, तेही वाचावेत. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारे झालेले असू शकते.

येथे एक बोलायलाच हवे. पुष्कळ मालक चार चांगले टायर रस्त्यावर ठेवतात आणि पाचवा घासून गुळगुळीत झालेला वर टांगतात, कारण तो कोणाला दिसत नाही. रात्री तो बसवायचा ड्रायव्हरने, उशीर झाला की बोलणी खायची ड्रायव्हरने, आणि फुटला तर जीवही त्याचाच. गाडी ताब्यात घेतानाच स्टेपनी उतरवून मालकासमोर दाखवा, खराब असेल तर वहीत लिहून सही घ्या. हा उद्धटपणा नव्हे. गाडी ठरवणाऱ्या कुटुंबांनीही एसी आहे का हे विचारताना स्टेपनीचे विचारावे. काही नव्या छोट्या गाड्यांत तर स्टेपनीच नसते. ट्यूबलेस टायर, हवेचा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला जादा चाकाची सक्ती नाही, असा बदल केंद्र सरकारने 2020 साली नियमांत केला.

आणि माणसांचे काय? 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. अशा रस्त्यांवर मागून येणारी गाडी काही सेकंदांत अंगावर येते. टायर बसला तर ब्रेक दाबून धरू नये, स्टेअरिंग घट्ट धरून वेग उतरू द्यावा आणि शक्य तितके डावीकडे, सपाट जागी थांबावे. रिम खराब झाली तरी चालेल, वळणावर उभे राहू नये. चारही इंडिकेटर लावावेत, हँडब्रेक ओढावा, समोरच्या बाजूच्या चाकाला दगड लावावा, लाल त्रिकोण बराच मागे ठेवावा. सगळ्यांनी डावीकडून उतरून कठड्यापलीकडे जावे. म्हातारी माणसे, झोपलेली मुले, कोणालाही गाडीत ठेवू नये. जॅकवरच्या गाडीत तर नाहीच. बायका सामानाजवळ, पुरुष ड्रायव्हरभोवती कोंडाळे करून, असे दृश्य नेहमी दिसते. ड्रायव्हरला एकच माणूस पुरे, तोही टॉर्च धरायला आणि मागच्या रस्त्यावर नजर ठेवायला. उजवीकडचे चाक असेल आणि वाहने जवळून जात असतील तर चाक बदलूच नये. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि कोठेही 112 या क्रमांकावर मदत मागता येते.

चाक बसले की नट समोरासमोरचे आवळावेत, गाडी खाली आल्यावर पुन्हा पूर्ण ताकदीने, आणि थोडे अंतर गेल्यावर परत एकदा. बसलेले चाक पट्टीत अडकवून वर घ्यावे. अलॉय चाक असेल तर मधली टोपी आधी काढावी लागू शकते. चाक वर टेकल्यावर हलवून पाहावे, डुलत असेल तर आणखी आवळावे. चाक आत ठेवायचे ठरले तरी रिकामी दोरी लोंबती ठेवू नये, ती गुंडाळून घ्यावी. आणि सकाळी पोचल्या पोचल्या, चहाच्याही आधी, पंक्चरवाल्याकडे. परतीच्या रस्त्याला खाली टांगलेले चाक हवा भरलेले हवे.