पंचगंगेच्या माशांची सत्तर वर्षं

१९५६ साली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या जर्नलमध्ये कलावार आणि केळकर यांचा कोल्हापूरच्या माशांवरचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्याही आधी, १८३९ मध्ये, कर्नल साईक्स यांनी केलेली दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णनं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीनं प्रसिद्ध केली होती. खुद्री, कोळस, नुकटा अशी इथली नावं त्यांनी शास्त्रीय नावांत तशीच घातली. कृष्णेच्या खोऱ्यातले बरेचसे मासे हे वाहत्या, दगडगोट्यांच्या, स्वच्छ पाण्यात वाढलेले. पंचगंगेत या माशांचं पुढं काय झालं, ते पाहायला हवं.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि पंचगंगा होते. तिथून खाली शहराचे जयंती आणि दुधाळी नाले, मग कारखान्यांचं आणि इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचं पाणी नदीत येत गेलं. त्यातच कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं आणि उसाला द्यायचं. या बंधाऱ्यांनी शेतकऱ्याचं भलं केलं, हे मान्यच करायला हवं. पण बरगे बसले की वाहती नदी थांबलेले डोह होते, आणि त्या डोहात जे येईल ते तिथंच सडतं.

माशांचा जीव जातो तो बहुतेक वेळा इथं. नदीच्या चांगल्या पाण्यात लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. तो दोनच्या खाली गेला की बहुतेक मासे तगत नाहीत. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारं काळं पाणी एका लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅमहून जास्त प्राणवायू मागतं. म्हणजे त्याचा एक लिटर पाच हजार लिटर स्वच्छ नदीचा प्राणवायू संपवू शकतो. रात्री पाण्यातल्या वनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटेच मासे पृष्ठभागावर येऊन तडफडू लागतात. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी आता कोल्हापूरकरांना नवी वाटत नाही. याच पाण्यामुळं माणसंही मेली. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ पसरली, हजारो लोक आजारी पडले आणि काहींचा जीव गेला. प्रदूषणाचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

एवढं होऊनही नदीत मासे दिसतात. मग कुणी म्हणतं, ‘त्यांना सवय झाली असेल.’ हे म्हणणं नीट तपासायला हवं, कारण त्यात नदीबद्दलची बेफिकिरी लपलेली आहे.

विषाची सवय लावून घेणारे मासे जगात खरोखर आहेत. मेक्सिकोतल्या ताबास्को राज्यात गंधकाच्या झऱ्यांत पोसिलिया मेक्सिकाना हा बोटाएवढा मासा राहतो. तिथल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. हा वायू पेशीतल्या श्वसनाचा शेवटचा टप्पाच बंद पाडतो. मायकेल टोबलर आणि सहकाऱ्यांनी या माशांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांची डोकी आणि कल्ले मोठे झाले आहेत, आणि हा वायू निकामी करणारी यंत्रणा त्यांच्या शरीरात जोरात चालते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या किलिफिशची गोष्ट तर याहून ताजी आहे. न्यूआर्क, ब्रिजपोर्ट, न्यू बेडफर्डसारख्या बंदरांत काही दशकांत इतकं औद्योगिक विष साठलं की साध्या किलिफिशची पिल्लं अंड्यातच विकृत होऊन मरावीत. तिथले किलिफिश मात्र साध्यांपेक्षा आठ हजार पटींपर्यंत जास्त विष सोसतात, हे २०१६ च्या एका अभ्यासातून समोर आलं. विष आलं की शरीरात जी धोक्याची घंटा वाजते, तीच या माशांत जवळजवळ बंद पडली आहे. हडसन नदीतल्या टॉमकॉड माशात तशाच एका जनुकातून सहा अक्षरं गळलेली सापडली. आणि हे जगलेले मासे अंगात विष घेऊन फिरतात. त्यांना खाणाऱ्याच्या पोटात ते उतरतंच.

पंचगंगेत असं काही घडावं, अशी परिस्थितीच नाही. किलिफिश त्या किनाऱ्यावर प्रचंड संख्येनं होते, त्यांच्यात जनुकीय विविधता मोठी होती, म्हणून उपयोगी पडेल असा बदल काहींच्या अंगात आधीपासूनच होता. गंधकाचे झरे हजारो वर्षं एकसारखे वाहत आले आहेत. आपल्या नदीत फेब्रुवारीत एक विष, एप्रिलमध्ये दुसरं, आणि जुलैत पुरानं सगळं धुऊन नेलेलं. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांवर गेलं होतं. दरवर्षी वरच्या नद्यांतून नवे मासे खाली येतात आणि खालच्यांत मिसळतात. अशा धक्क्यांतून निवड होत नाही. कत्तल होते.

मग टिकले कोण? आधीच तयारीनं आलेले. मरळीला कल्ल्यांच्या वर हवेचा कप्पा आहे. मांगूराला फांद्या फुटल्यासारखा श्वसनाचा अवयव आहे. शिंगीच्या अंगात कल्ल्यांपासून मागे गेलेली हवेची लांब पिशवी आहे. दलदलीत लाखो वर्षांपूर्वी मिळालेलं हे सामान आज आपल्या घाणीत कामी येतंय. त्यांच्या जोडीला चिलापी आहे, मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली. प्राणवायू कमी झाला की ती पृष्ठभागाच्या पातळ थरातलं पाणी ओढून घेते. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळं तळाचा गाळ तिच्या पिढीला मारू शकत नाही. नदीत भरपूर मासे आहेत असं म्हणताना आपण या मोजक्या जातींनाच मोजतो. खळाळत्या पाण्यातल्या माशांची जागा त्यांनी घेतली, जुने मासे बदलले नाहीत.

मासे मेल्यानंतर नदी पुन्हा माशांनी भरते ती राधानगरी-दाजीपूरच्या बाजूनं आणि कासारी-कुंभीच्या वरच्या पाण्यातून. तिथं अजून जुनी नदी जिवंत आहे. पण खालचा मासा उन्हाळ्यात वर पळू पाहतो तेव्हा बरगे आडवे असतात. कोल्हापूरनं बंधारे बांधायला शिकवलं, तर बंधाऱ्याच्या एका कडेनं माशाला वाट ठेवायलाही कोल्हापूरनंच शिकवावं.

दुसरं मागणं आणखी सोपं आहे. मासे मेले की पंचनामा होतो आणि पाण्याचे नमुने घेतले जातात. त्याच पंचनाम्यात मेलेल्या माशांच्या जाती आणि संख्याही लिहिली जावी. शिवाजी विद्यापीठानं आणि नदीकाठच्या महाविद्यालयांनी प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत ठरलेल्या जागी, प्रत्येक ऋतूत, माशांची मोजणी करावी आणि दरवर्षी ती १९५६ च्या लेखातल्या यादीशेजारी छापावी.