सड्यावर पाऊल कुठे टाकायचं?

कुणकेश्वराच्या देवळाकडे पाठ करून गावातून वर चढू लागलं की आधी हापूसच्या कलमांचे गडगे लागतात. गडगे संपले की सडा. मे महिन्यात इथे आलेल्या माणसाला तापलेल्या काळपट-तांबड्या कातळाखेरीज काही दिसत नाही. सात-बाऱ्यावरही अशा जमिनीच्या नावापुढे बहुधा ‘पोटखराब’ लिहिलेलं असतं. पाऊस लागून महिना झाला की त्याच कातळावर चालताना पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो, आणि तो पडायलाच हवा.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून दख्खनचा काळा बेसाल्ट झाला. पुढे उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं त्यात पाणी मुरत राहिलं. सिलिका विरघळून गेली. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. जांभ्याचा तांबडेपणा त्या लोहाचा. खाणीतून नुकता काढलेला चिरा नरम असतो आणि हवा लागून टणक होतो, हे कोकणात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सड्याचा वरचा थर असाच उघड्यावर कडक झालेला. त्यावर माती जेमतेम बोटभर, तीही खोलगट जागी साचलेली, आणि नायट्रोजन-फॉस्फरसच्या बाबतीत दरिद्री.

या दारिद्र्यामुळेच इथे किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत. श्रावणात गुडघे टेकून पाहिलं तर ओलसर गवतात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं दिसतात. फूल सुंदर आहेच, पण खरी करामत खाली ओल्या मातीत चालते. तिथे मोहरीहूनही बारीक फुगे असतात. प्रत्येक फुगा आतलं पाणी बाहेर टाकून पोटाशी आवळून बसलेला. तोंडाशी झडप, झडपेपाशी केसासारखे धागे. एखादा सूक्ष्म जीव धाग्याला लागला की झडप आत उघडते आणि पाण्यासकट तो जीव ओढला जातो. एवढं सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत होतं. शेजारीच दवबिंदू ही वनस्पती चिकट थेंबांची पानं पसरून वाट पाहत असते. कातळातल्या डबक्यांत झिंग्यांच्या दूरच्या नात्यातले बारके जीव पोहत असतात. डबकं आटलं की ते मरतात, पण त्यांची अंडी कोरड्या गाळात टिकून पुढच्या पावसाची वाट पाहतात.

आता या हिरव्या थरावर बूट पडला तर? ही झाडं कातळात मूळ रोवत नाहीत. एकमेकांत गुंतलेल्या मुळांच्या जाळ्यावर सगळा थर तरंगल्यासारखा असतो. बूट घसरला की त्याचा तुकडा सालपटासारखा सुटतो, आणि पुढच्या सरीत खालची मातीही वाहून जाते. बोटभर माती पुन्हा साचायला किती पावसाळे लागतील याचा अंदाज चालणाऱ्यानेच करावा.

पायदळी तुडवण्याचंही शास्त्र आहे. डेव्हिड कोल आणि नील बेफिल्ड यांनी १९९३ मध्ये त्याच्या मोजणीची एक पद्धत मांडली. अर्ध्या मीटर रुंदीचे पट्टे आखायचे आणि कुठल्या पट्ट्यावरून २५, कुठल्यावरून ७५, २०० किंवा ५०० वेळा चालायचं. मग किती वनस्पती उरल्या ते मोजायचं. अशा प्रयोगांतून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पुढे आली. नुकसान पावलांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही; पहिली काही पावलंच सगळ्यात महाग पडतात. पुढे त्याच पट्ट्यावरून शेकडो माणसं गेली तरी मोडायला फारसं उरलेलं नसतं. म्हणून शंभर माणसं नाजूक जागेवर पसरून चालली तर शंभर ठिकाणी पहिलं पाऊल पडतं, आणि एकामागोमाग चालली तर एकाच ठिकाणी. संरक्षित जंगलात ‘वाट सोडू नका’ असं बजावतात, त्यामागे हा हिशेब आहे.

आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या भेटीला आणि समुद्रस्नानाला गावोगावच्या देवस्वाऱ्या पायी येतात. तरंगं, ढोल, माणसांची रांग, आणि ठरलेली वाट. पिढ्यान् पिढ्या पावलं एकाच पट्टीवर पडल्याने कातळावर घासलेली पायवाट दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंचा सडा शाबूत राहतो. नुकसान होतं ते गाड्या मनाला येईल तिथे सड्यावर घातल्या जातात तेव्हा. ओल्या मातीत उमटलेली एक चाकोरी शंभर माणसांच्या पायवाटेपेक्षा खोल जखम करते, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळी भटकंतीला येणाऱ्यांनी गाडी डांबरी रस्त्यावरच सोडावी आणि वर जाताना उघडा कातळ बघून पाय टाकावा, हिरवं बघून नव्हे.

सुटे दगडही उलथू नयेत. एक तर खाली फुरसं असू शकतं, आणि देवगड-रत्नागिरीच्या सड्यांवर ते दुर्मीळ नाही. दुसरं, तो दगड कुणाचं तरी घर आहे. पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल कोकणच्या या सड्यांवरच राहते. १९६३ मध्ये शास्त्राला तिची ओळख झाली. दिवसा ती अशाच दगडांखाली लपते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोकळा कातळ, पडीक भातखाचरं आणि आंब्या-काजूच्या बागा इथले हजारो दगड तपासले गेले. मोकळ्या कातळाच्या मानाने बागांत ही पाल कमी सापडली. हापूसवर या किनाऱ्याचं पोट आहे, त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. पण कातळ फोडून त्यावर माती पसरली की तिथला सडा संपला, हेही मान्य करायला हवं.

हाच जांभा वर घाटमाथ्यावरही आहे. देवगड-निपाणी रस्ता नांदगाव, फोंडा करत घाट चढतो आणि वर दाजीपूरचं जंगल सुरू होतं. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी राखीव झालं. पुढे राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत झाला, आणि २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली यांच्यासह ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आलं. तिथे सावराई सड्याकडे जायचं तर परवानगी काढून, नेमून दिलेल्या वाटेनेच जावं लागतं. गव्यांच्या दृष्टीनेही ते बरं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये पक्षी आणि हरणांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की नेहमीच्या वाटेवरचा माणूस प्राण्यांना तितका बिचकवत नाही. वाट सोडून आलेल्या माणसापासून ते अधिक लांबूनच पळतात. माणूस कुठून येणार हे ठाऊक असलं की प्राणी निवांत चरतात.

घाटावरच्या सड्याला वनखात्याचं कुंपण, चौकी, नियम आहेत. किनाऱ्यावरच्या सड्याला पोटखराबाचा शिक्का. पण अभयारण्य हा एकच मार्ग नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यात वारसा स्थळ जाहीर करण्याची सोय आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या कुंडात एक नवी मासळी सापडली. २०२० मध्ये तिला नदीचंच नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये सरकारने कुंडासह २.११ हेक्टरचा परिसर वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. एवढासा तुकडा, पण कागदावर त्याला नाव आहे, आणि तोही आपल्याच जिल्ह्यात. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी असं हाच कायदा सांगतो. कुणकेश्वर, मिठमुंबरी किंवा जवळपासच्या कुठल्याही गावच्या समितीने सड्यावरची डबकी, फुलं, पाली आणि जुन्या वाटा नोंदवहीत उतरवल्या तर वारसा स्थळाच्या प्रस्तावाला भक्कम आधार मिळेल. ही नोंद पावसाळ्यातच करावी लागेल, कारण आश्विनात ऊन तापलं की त्यातलं बरंचसं पुन्हा दिसेनासं होतं.