गाडी ‘पी’मध्ये अडकली तर काय कराल?



मागच्या आठवड्यात शाळा सुटायच्या वेळी एका पालकांची ऑटोमॅटिक गाडी आमच्या फाटकातच अडली. इंजिन चालू, पण गिअरचा दांडा ‘पी’मधून हलेचना. मागे मुलांनी भरलेली स्कूलबस. चौघांनी धक्का मारून पाहिला, गाडी जागची हलली नाही. हलणार कशी?

‘पी’ म्हणजे पार्क. त्यात गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकाच्या खाचेत एक लोखंडी खुंटी बसते, दाराला अडसर घालतो तशी. शिवाय दांड्यालाही कुलूप असतं. ब्रेक दाबल्याशिवाय ते सुटत नाही. एखाद्या लहानग्यानं खेळता खेळता दांडा ओढला नि गाडी घरंगळली, असं होऊ नये म्हणून ही सोय. ब्रेक दाबल्याचं गाडीला कळतं ते पेडलजवळच्या छोट्या स्विचमुळे. मागचा लाल दिवाही सहसा त्यानेच लागतो. बॅटरी उतरली किंवा हा स्विच बिघडला की कुलूप उघडत नाही. आमच्याकडे ब्रेक दाबूनही दिवा लागत नव्हता, तेव्हाच दुखणं कळलं.

पुष्कळ गाड्यांत दांड्याशेजारी नखाएवढं झाकण असतं. आधी मुलांना लांब न्या, चाकांना दगड लावा, हँडब्रेक घट्ट ओढा. हे आधीच करायचं, कारण न्यूट्रल झाली की गाडी मोकळी! मग इंजिन बंद करून किल्ली ‘ऑन’वर ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ब्रेकवर पाय ठेवून झाकण काढा, आतली कळ स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून धरा आणि दांडा ‘एन’वर आणा. उतारावर खुंटीवर गाडीचा भार येतो, तेव्हा दांडा फारच घट्ट बसतो. अशा वेळी दोघा-तिघांनी बाजूला उभं राहून गाडी चढाकडे किंचित रेटली की तो सुटतो. मात्र इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, म्हणून हळूच ढकला.

आपल्याकडच्या बहुतेक एएमटी गाड्यांत ‘पी’ नसतोच. बटणाच्या किंवा गोल फिरवायच्या गिअरला मात्र ही युक्ती चालत नाही. त्याची रीत गाडीच्या पुस्तिकेत बघावी. (ती पुस्तिका गाडीतच ठेवा हो, घरच्या कपाटात नको!)

ती गाडी आम्ही ढकलत कडेला लावली. ब्रेकचे दिवे बंद असताना चालवत नेणं धोक्याचं, म्हणून मेकॅनिकला तिथंच बोलावलं.