शिकेकाई स्वस्त की शाम्पू? हिशेब ‘एका न्हाण्याचा’ मांडा

शाम्पू सोडून शिकेकाई-रिठ्याकडे वळताय? मग पाकिटावरची किंमत नको, एकदा केस धुवायला येणारा खर्च पाहा.

हिशेब कसा करायचा?
समजा, ३०० मिली शाम्पू २४० रुपयांना मिळतो आणि एका वेळी १० मिली लागतो. बाटली ३० वेळा पुरते; खर्च ८ रुपये. १०० ग्रॅम शिकेकाई पावडर ६० रुपयांना घेतली आणि लांब केसांना २० ग्रॅम लागली, तर ती पाचच वेळा पुरते. खर्च १२ रुपये. शेंगा किलोने आणून घरी दळल्या, तर हा खर्च कमी होऊ शकतो.

‘नॅचरल’ बाटलीचे काय?
शिकेकाई-रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे. बाटलीतला फेस बहुधा वेगळ्याच रसायनाचा असतो. सौंदर्यप्रसाधनांच्या नियमानुसार १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. शिकेकाईचे नाव तळाशी असेल, तर जादा पैसे शिकेकाईचे नव्हे, लेबलवरच्या चित्राचे!

कर किती?
शाम्पू आणि केशतेलावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे तुलना करताना जुन्या बाटलीवरची किंमत धरू नका.