भिंतीवर उरलेली खळ

घराला रंग द्यावयाचें ठरलें कीं चर्चा होते ती रंगाच्या छटेची. ज्या भिंतीवर तो रंग बसावयाचा, तिच्या अंगावर काय शिल्लक आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. नव्या रंगाचें आयुष्य मात्र पुष्कळसें त्याच्याच उत्तरावर अवलंबून असतें.

मालवण तालुक्यांतील मसुरे हें भरतगडाच्या पायथ्याचें गांव. या बाजूचीं जुनीं घरें जांभ्या चिऱ्याचीं. चिरा सच्छिद्र असल्यामुळें पावसाळ्यांत ओल धरतो व ती गिलाव्यापर्यंत पोंचवितो. अशा घरांतील भिंतीवर लावलेली रंगीत कागदी किनार जुनी झाली म्हणजे ओढून काढतात. कागद निघतो, त्याला चिकटविणारी खळ मागें राहते. वाळलेली खळ दिसत नाहीं, आणि तिच्यावरूनच रंगाचा हात फिरतो.

खळ म्हणजे शिजविलेलें पीठ. नव्या रंगांतील पाणी लागतांच ती फुगते, वाळतांना आकसते व वरचा रंग ओढून धरते. मग भेगा पडतात, पापुद्रे सुटतात. शिवाय पीठ हें बुरशीचें अन्न आहे. दमट हवेंत किनारीच्या रुंदीचाच काळसर पट्टा पुन्हां उमटतो, तो यामुळें.

तिची परीक्षा सोपी आहे. भिंत किंचित् ओली करून बोट फिरवावें. बुळबुळीत लागल्यास खळ आहे असें समजावें. पिठाला आयोडीन लागतांच निळा-काळा रंग येतो खरा, परंतु ताजा चुना तो रंग घालवितो. म्हणून सफेतीच्या भिंतीवर बोटाचीच परीक्षा बरी.

खळ काढण्यास कोमट पाणी व थोडा धीर पुरतो. प्रथम खोलीची वीज बंद करावी. दोन-दोन हातांचा भाग स्पंजानें भिजवावा, दहा-पंधरा मिनिटें थांबावें आणि रुंद, बोथट पात्यानें खरवडावें. घाई केल्यास गिलावा उखडतो. नंतर पाणी वारंवार बदलून, बुळबुळीतपणा जाईपर्यंत भिंत पुसावी. चुन्याची सफेती खळीबरोबर सुटून येईल. तिला येऊं द्यावें, कारण सैल थरावर कोणताच रंग टिकत नाहीं.

अलीकडच्या आपोआप चिकटणाऱ्या पट्ट्यांचा गोंद निराळा. तो पाण्याला दाद देत नाहीं. केस वाळविण्याच्या यंत्राचा उष्ण वारा दिल्यास तो मऊ होतो व हलकेच खरवडतां येतो.

जुना तैलरंग मात्र कोरडा घासूं नये. त्यांत शिसें असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग ठरविणारे भारतांतील नियम २०१६ सालचे असून ते १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आले. त्यापूर्वींच्या रंगाबद्दल सावध राहणेंच इष्ट. असा थर ओला ठेवूनच काढावा.

शेवटचा प्रश्न वेळेचा. कोंकणांत रंगाची घाई होते ती गणपतीपूर्वीं, मुंबईचे चाकरमानी घरीं येण्याच्या सुमारास, म्हणजे भर श्रावणांत. त्या दिवसांत धुतलेली भिंत आंतून वाळत नाहीं, आणि ओल्या भिंतीवरचा रंग फार दिवस सोबत करीत नाहीं. यासाठीं खळ काढण्याचें काम चैत्र-वैशाखांत उरकावें, उन्हाळ्याच्या वाऱ्यानें भिंत पुरती सुकूं द्यावी, आणि मृगाच्या पावसापूर्वींच रंगाचा हात मारावा.