हौसेची पेन्सिल

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घरांतून जुनी ट्रंक उघडली, तर शालू आणि पोथ्यांच्या खाली पुष्कळदा एखादी चित्रांची वही सापडते. तीत पेन्सिलीने रेखाटलेला क्षिप्रेचा घाट असतो, जलरंगातले देवळाचे शिखर असते, काळ्या शाईत उतरवलेला आजोबांचा चेहरा असतो. काढणारा पेशाने कारकून, नाही तर शिक्षक. काढणारी बहुधा गृहिणी. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले, "छे, हौस म्हणून काढली होती." आणि वही पुन्हा तळाशी जाते. या एका "छे"मुळे काय गमावले जाते, हे उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांचे स्मरण झाले म्हणजे आम्हांस विशेष जाणवते.

उज्जैनकरांचे हे हरिभाऊ १९१९ साली नीमच येथे जन्मले. चित्रकला ते शिकले होते. परंतु नाव झाले ते पुरातत्त्वज्ञ म्हणून. उज्जैनजवळच्या कायथा येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा शोध त्यांचाच. मात्र कुदळ हाती आली म्हणून पेन्सिल सुटली नाही. १९५७ साली रेल्वेने भोपाळकडे जात असता दूरच्या टेकडीवरील खडक त्यांच्या नजरेत भरले, आणि शोध घेत ते तेथवर पोहोचले, असे सांगतात. तेच भीमबेटका. १८८८ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिकांच्या सांगण्यावरून या जागेची बौद्ध स्थान म्हणून नोंद केली होती. नोंद झाली, चित्रे मात्र उजेडात आली नाहीत. त्यासाठी चित्रकाराचे डोळे यावे लागले! आज तेथे ७०० हून अधिक शैलाश्रय ज्ञात आहेत. त्यांपैकी ४०० हून अधिकांत चित्रे आहेत. २००३ साली युनेस्कोने या स्थानाचा जागतिक वारशात समावेश केला.

पुसट शैलचित्र कागदावर उतरवायचे म्हणजे प्रत्येक रेषा पुन्हा आपल्या हाताने काढावयाची. तसे करतानाच उमगते की, या हरणाच्या अंगावरून तो हत्ती नंतर काढला गेला आहे. कोणते चित्र आधीचे, कोणते मागाहूनचे. नुसते पाहून जे निसटते, ते रेखाटताना सापडते. त्या अनामिक चित्रकारांचा तांबडा रंग गेरूचा होता. माळव्यातील अंगणात मांडणे काढणाऱ्या बायकांच्या वाटीतही गेरू आणि खडीच असते. त्यांनी आपली चित्रे भिंतीवर काढली, सर्वांदेखत. म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली.

वाकणकरांनी उज्जैनात भारती कला भवन स्थापून चित्रकलेची गोडी इतरांनाही लावली. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली; एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

प्रत्येकाच्या हातून भीमबेटका सापडणार नाही, हे उघड आहे. परंतु उज्जैनचेच पाहा. २०२२ साली महाकाल लोक झाला आणि मंदिराभोवतीच्या परिसराचे रूप पालटून गेले. त्यापूर्वीची गल्ली, तो ओटा, ते कमानीचे दार कोणी हौसेने चितारले असेल, तर ती वही आता केवळ हौस राहिलेली नाही. ती साक्ष आहे. छायाचित्र सारेच टिपते. चित्र मात्र त्या माणसाला काय महत्त्वाचे वाटले, ते सांगते.

म्हणून वाचकहो, येत्या सुटीत ट्रंक उघडाच. प्रत्येक चित्रामागे मऊ पेन्सिलीने स्थळ, साल आणि काढणाऱ्याचे नाव लिहा. कसर लागण्यापूर्वी दोन चित्रे चौकटीत बसवा, आणि मंडळाच्या गणेशोत्सवात एक भिंत हौशी चित्रकारांसाठी मागून घ्या. कालिदास समारोहात नामवंतांची चित्रे दरवर्षी मांडली जातात. आपल्या मावशीचा घाट मात्र आपणच मांडावयास हवा. ती "छे" म्हणेल. म्हणू द्यावे, आणि खिळा ठोकावा.