झोका आणि भूकंप

झोका एकदा ढकलून सोडला, तर तो आपल्या ठराविक लयीने हलतो आणि घर्षणामुळे हळूहळू थांबतो. या क्षीण होत जाणाऱ्या हालचालीस आपण अवमंदित आंदोलन म्हणतो. बाहेरून नियमित धक्के देत राहिलो, म्हणजे ते प्रेरित आंदोलन होते. धक्क्यांची लय झोक्याच्या लयीशी जुळली, की प्रत्येक धक्का आधीच्या गतीत भर घालतो व अल्प बळानेही झोका उंच चढतो. हेच अनुस्पंदन. त्याला आवर घालते ते घर्षण: जितकी ऊर्जा मिळते तितकीच खर्च होऊ लागली, की वाढ थांबते.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहराला याचा भयंकर प्रत्यय आला. भूकंपाचे केंद्र सुमारे ३५० किलोमीटर दूर. पण शहराचा मोठा भाग जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर वसलेला. तो गाळ दर २ सेकंदांना एक हेलकावा घेऊ लागला. ६ ते १५ मजली इमारती तडे जाऊन सैल होत गेल्या, तशी त्यांची लय गाळाच्या लयीशी जुळली; त्यांचीच हानी सर्वांत मोठी झाली. हजारो माणसे दगावली. खोल पायाचा, अधिक संथ लयीचा ४४ मजली लातिनोअमेरिकाना मनोरा मात्र उभा राहिला.

तेव्हा घर बांधताना भिंत किती जाड, एवढेच विचारून भागत नाही. खालची जमीन कोणत्या लयीने हलेल, हेही आपण विचारले पाहिजे.